लंबकाचं घड्याळ उघडताना



लंबकाचं जुनं घड्याळ बंद पडलं, की 'स्प्रिंग गेली असेल' म्हणून ते माळ्यावर जातं. बहुतेक वेळा स्प्रिंग शाबूत असते. आतलं तेल सुकून चिकट झालेलं असतं, त्यात धूळ बसलेली असते. कधी तर तेवढंही नसतं, घड्याळ फक्त तिरकं टांगलेलं असतं. म्हणून दुरुस्ती शिकणाऱ्यानं आधी कान लावावा. टिक आणि टाक यांत सारखं अंतर पडतंय का? ठोका लंगडत असेल, तर घड्याळाचा खालचा भाग किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे सरकवून पाहा. काही घड्याळं एवढ्यानंच चालू होतात.

उघडायचंच ठरलं, तर सगळ्यात जपायचं ते भरलेल्या स्प्रिंगला. टोले देणाऱ्या घड्याळाच्या तबकडीवर किल्लीची दोन भोकं असतात. सहसा उजवीकडचं वेळेचं, डावीकडचं टोल्यांचं. आठवडाभर घड्याळ चालवणारी ताकद त्या दोन स्प्रिंगांत गुंडाळलेली असते. पितळी प्लेटा सोडवण्याआधी दोन्ही उतरवायच्या. किल्ली घट्ट धरायची, खटका बाजूला करायचा आणि किल्ली हातातल्या हातात थोडी थोडी उलटी सोडायची. हे न करता स्क्रू काढले, तर चाकांचे दाते तुटतात, बोटंही कापतात. हा भाग पुस्तकावरून शिकू नये. जाणत्या घड्याळजीच्या शेजारी बसूनच शिकावा, असं माझं ठाम मत आहे.

पुढचं काम नजरेचं आहे. प्रत्येक चाकाच्या आसाची टोकं प्लेटांमधल्या भोकांत फिरतात. वर्षानुवर्षं घासून भोक लांबट होतं, आस कलतो, दाते एकमेकांत नीट बसत नाहीत. मग ते भोक मोठं करून त्यात पितळी बुश, म्हणजे छोटी नळी, ठोकावा लागतो. खरी कारागिरी इथे आहे आणि ती हाताला यायला वेळ लागतो.

तेल मात्र कमीत कमी. घड्याळाचंच तेल, सुईच्या अग्रावर मावेल इतकं, आसांच्या टोकांना. चाकांच्या दात्यांना मुळीच नको, तिथे ते धूळ धरून ठेवतं. घरातलं खोबरेल तर कधीच घालू नका, थंडीत ते गोठतं.

शेवटी उरतं वेळ जुळवणं, आणि ते लंबकाच्या हाती. क्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञानं १६५६ मध्ये लंबकाचं घड्याळ घडवलं आणि आधीच्या घड्याळांची दिवसाकाठी पाव तासाची चूक काही सेकंदांवर आली. लंबकाची ही नजाकत घरच्या घड्याळातही दिसते. लंबक २५ सेंटिमीटरचा धरला, तर तो एका मिलिमीटरनं लांबला तरी घड्याळ दिवसाला जवळजवळ तीन मिनिटं मागे पडतं. म्हणून लंबकाच्या गोळ्याखालचा नट एका वेळी अर्धाच वळसा फिरवावा. घड्याळ मागे पडत असेल तर गोळा वर, पुढे जात असेल तर खाली. मग पूर्ण दिवस थांबून, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी रेडिओच्या वेळेशी ताडून पाहावं. लंबकाची काडी लोखंडी असेल, तर उन्हाळ्यात ती तापून किंचित लांबते. तेव्हा गोळा पुन्हा जरासा वर घ्यावा लागेल.