दोघांची एक वही

ब्रिजचा डाव संपतो, चौघे पत्ते खालीं ठेवतात, आणि समोरासमोर बसलेल्या दोन भिडूंमध्यें पहिलें वाक्य बहुधा एकच निघतें : "मला वाटलें, तुमच्या त्या बोलीचा अर्थ असा आहे." उत्तरहि ठरलेलेंच असतें : "पण आपलें तसें कधीं ठरलेंच नव्हतें!" हा संवाद मोठमोठ्या क्लबांत होतो, आणि रविवारीं दुपारीं ज्या घरीं चार मंडळी जमतात त्या घरींहि होतो. तो पतिपत्नींमध्यें झाला तर रात्रीच्या जेवणापर्यंत सहज पुरतो.

नवशिक्यांपुरतीच ही गोष्ट आहे असें मात्र कोणी समजूं नये. १९३१ च्या डिसेंबरांत न्यूयॉर्क येथें ईली कल्बर्टसन व सिडने लेन्झ यांच्यामध्यें दीडशें रबरांचा एक सामना चालू होता. तो इतका गाजला कीं वर्तमानपत्रें त्याची हकीकत रोज छापीत. लेन्झ यांचे भिडू ऑस्वल्ड जेकोबी हे त्या वेळीं तरुण असले तरी उत्तम खेळाडूंत गणले जात. परंतु खेळाविषयींच्या मतभेदांनीं दोघांत असा बेबनाव झाला कीं १०३ रबर होतांच जेकोबी उठून गेले, आणि उरलेला सामना लेन्झ यांना दुसरा भिडू घेऊन पुरा करावा लागला. दोघेहि कसलेले होते, दोघांनाहि खेळ समजत होता. एकमेकांचा खेळ तेवढा समजत नव्हता.

यांत माणसांचा दोष थोडा आणि भाषेचा फार आहे. ५२ पत्त्यांतून एकाच्या वांट्याला येणारे १३ पत्ते ६३,५०१ कोटी ३५ लक्ष ५९ हजार ६०० प्रकारांनीं येऊं शकतात. त्यांतला आपला प्रकार कोणता, हें समोरच्या भिडूला सांगावयाचें, आणि त्यासाठीं खेळाडूजवळ शब्द किती? अवघे १५! एक ते सात हे आंकडे, चार रंग व बिनहुकूम, आणि पास, डबल, रिडबल हे तीन उद्गार. सूर बदलावयाचा नाहीं, हातवारे करावयाचे नाहींत, भुंवई उंचावून कांहीं सुचविलें तर तो अपराध. १९२५ सालीं हॅरोल्ड व्हॅन्डरबिल्ट यांनीं पनामा कालव्यांतून चाललेल्या आगबोटीवर गुणांची नवी मोजणी बसविली, आणि आज खेळलें जातें तें कॉन्ट्रॅक्ट ब्रिज जन्मास आलें. त्यांत जितक्या हातांची बोली केली असेल तितक्यांचेंच गुण गेमच्या हिशेबांत धरतात. तेव्हांपासून बोलीचें महत्त्व वाढत गेलें, आणि तिच्यांतील प्रत्येक शब्दावरचें ओझेंहि वाढत गेलें.

"एक बिनहुकूम" म्हणजे चारी रंगांत सारखे विभागलेले पत्ते व १५ ते १७ गुण, असें पुष्कळ जोड्या ठरवितात. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन व गुलामाचा एक गुण. त्यावर भिडू "दोन किलवर" म्हणाला तर त्याच्याजवळ किलवर असेलच असें नाहीं. इस्पिक किंवा बदाम यांपैकीं एखादा रंग चार पत्त्यांचा आहे काय, एवढेंच तो विचारीत असतो. हा संकेत सॅम स्टेमन यांनीं १९४५ सालीं एका मासिकांत प्रसिद्ध केला व तो जगभर त्यांच्याच नांवानें चालतो; कल्पना मात्र त्यांचे भिडू जॉर्ज रापे यांची होती. दोघांपैकीं जो लिहितो त्याचें नांव राहतें, हें जातां जातां नमूद करण्यासारखें आहे. आतां, या दोन बोलींच्या मध्यें प्रतिपक्षानें डबल दिली तर? "दोन किलवर" हा अजून प्रश्नच आहे, कीं संकटांतून सुटण्यासाठीं केलेली खरोखरीची किलवराची बोली? स्टेमनचा संकेत आपण खेळतों असें अभिमानानें सांगणाऱ्या दहा जोड्यांना हा प्रश्न वेगवेगळा बसवून विचारावा. किती जोड्यांत दोघांचें उत्तर एकच येतें तें पाहण्याजोगें ठरेल.

या घोटाळ्यावर उपाय एकच, आणि तो जुना आहे : ठरलेलें लिहून ठेवावें. नामांकित जोड्या हें नेहमींच करीत आल्या. अमेरिकेचे जेफ मेकस्ट्रॉथ व एरिक रॉडवेल यांचीं टिपणें कित्येक शें पानांचीं आहेत. सामान्य जोडीचें टिपण पांचदहा पानांचें असलें तरी पुष्कळ झालें. पण कागदी टिपणाला एक खोड असे. प्रती दोन असत, आणि दोन प्रती फार दिवस एक राहत नसत. एक भिडू पेन्सिलीनें समासांत दुरुस्ती करी, दुसऱ्याच्या प्रतींत ती उतरत नसे. सहा महिन्यांनीं दोघेहि आपापल्या कागदाशीं प्रामाणिक राहून परस्परांशीं विसंगत बोली करीत. पुढें ई-मेल आली, तेव्हां या दोन प्रतींच्या दहा झाल्या एवढाच फरक.

ऑनलाइन सामायिक दस्तऐवजानें ही प्रतींची अडचण मुळांतूनच काढली. वही एकच राहते. ती कोठें तरी दूरच्या संगणकावर असते, आणि एक भिडू पुण्यांतून व दुसरा सिंगापुराहून एकाच वेळीं तींत लिहूं शकतो. २००५ सालीं राइटली या नांवानें अशी एक सोय निघाली. पुढल्याच वर्षीं ती गूगलनें घेतली, आणि गूगल डॉक्स या नांवानें ती आज शाळकरी मुलांनाहि परिचित आहे. दोघे एकाच ओळींत लिहूं लागले तर अक्षरांची खिचडी कां होत नाहीं, असा प्रश्न कोणालाहि पडेल. त्याचें उत्तर १९८९ सालीं एलिस व गिब्ज या दोन संशोधकांनीं देऊन ठेवलें होतें. एकानें ओळीच्या आरंभीं पांच अक्षरें घातलीं कीं दुसऱ्याची दहाव्या जागेवरची दुरुस्ती यंत्र आपण होऊन पंधराव्या जागेवर नेतें. मग कोणाचें लिखाण आधीं पोहोंचलें याला महत्त्व राहत नाहीं, दोन्हीं पडद्यांवर शेवटीं एकच ओळ उमटते. शिवाय कोणत्या दिवशीं कोणीं काय बदललें याचा इतिहास वहींत आपोआप राहतो, समासांत शंका विचारतां येते, आणि दुरुस्ती एकदम न करतां ती केवळ सुचवूनहि ठेवतां येते.

या सोयींचा खरा उपयोग कसा होतो, हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. स्लॅमची, म्हणजे बारा किंवा तेरा हातांची, बोली करण्यापूर्वीं भिडूजवळ एक्के किती हें विचारण्याचा संकेत ईझ्ली ब्लॅकवुड यांनीं १९३३ सालीं काढला. "चार बिनहुकूम" हा प्रश्न, आणि पांचाच्या पायरीवरची बोली हें उत्तर. त्याच्या सुधारलेल्या रूपांत चार एक्के व हुकमाचा राजा अशीं पांच महत्त्वाचीं पानें मोजतात. येथपर्यंत कोणाचा वाद नाहीं. परंतु उत्तरांच्या रीति दोन आहेत. एकींत "पांच किलवर" म्हणजे शून्य किंवा तीन, आणि "पांच चौकट" म्हणजे एक किंवा चार. दुसरींत हें नेमकें उलट. दोन्ही रीतींचे पुरस्कर्ते आहेत, आणि दोन्ही संकेत बोलण्यांत एकाच नांवानें ओळखले जातात.

आतां अशी जोडी डोळ्यांपुढें आणावी कीं जिनें चहा पितां पितां "एक्के विचारण्याची सुधारलेली पद्धति खेळूं" एवढेंच ठरविलें आहे. हुकूम इस्पिक. विचारणाऱ्याजवळ महत्त्वाचीं दोन पानें आहेत, भिडूजवळ एक. भिडू पहिल्या रीतीनें "पांच चौकट" म्हणतो : एक. विचारणारा दुसऱ्या रीतीनें ऐकतो : शून्य किंवा तीन. भिडूनें आधीं दाखविलेलें बळ पाहतां शून्य असणें त्याला संभवनीय वाटत नाहीं, अर्थात् तीन. दोन आणि तीन पांच. पांचहि पानें आपल्याकडे! तो "सात इस्पिक" म्हणतो, प्रतिपक्ष डबल देतो, आणि शांतपणें एक्का खेळतो. पांचांतलीं दोन पानें प्रतिपक्षाकडेच होतीं, आणि त्यांत निदान एक एक्का असणारच. यांत कोणीहि चूक केलेली नाहीं. दोघांनीं एकच वाक्य उच्चारलें व दोन अर्थ घरीं नेले.

हीच जोडी वही लिहावयास बसली असती तर हा अपघात टळण्याचा संभव होता. लिहितांना "सुधारलेली पद्धति" एवढ्यावर भागत नाहीं. खालीं कोष्टक काढावें लागतें, "पांच किलवर" या शब्दांपुढें कांहींतरी भरावें लागतें, आणि एकानें "शून्य किंवा तीन" असें भरलें कीं दुसरा तत्क्षणीं समासांत लिहितो, "हें उलट ना?" तो समासांतला प्रश्न साऱ्या वहीच्या मोलाचा आहे. बोलण्यांत जो मतभेद झांकून राहतो तो लिहितांना उघडा पडतो. म्हणून एकानें सारें लिहून दुसऱ्याकडे केवळ मान्यतेसाठीं पाठविणें ही रीत फारशी कामाची नाहीं. दुसरा तें वाचून "ठीक आहे" म्हणतो, आणि ठीक काय आहे तें टेबलावर कळतें.

येथेंच या साधनाचा धोकाहि आहे. यंत्र अक्षरांची तडजोड लावतें; अर्थाची तडजोड त्याच्या हातीं नाहीं. रात्रीं अकरा वाजतां एका भिडूला वाटतें कीं एक बिनहुकूम १५ ऐवजीं १४ गुणांवर बोलावा. तो वहींत आंकडा बदलतो व समाधानानें झोंपतो. दुसऱ्यानें पान उघडलेलें नाहीं. वहींत आतां एकच मजकूर आहे आणि डोक्यांत दोन. कार्बनच्या दोन प्रती निदान दिसण्यांत तरी वेगळ्या असत. येथें विसंगति दिसतच नाहीं. बदलाचा इतिहास वहींत आहे खरा, पण तो उघडून पाहणारा भिडू विरळा. म्हणून कित्येक काळजीवाहू जोड्या असा दंडक पाळतात कीं मूळ मजकुरांत कोणींहि एकट्यानें हात घालावयाचा नाहीं. बदल सुचवावयाचा, आणि दुसऱ्यानें तो स्वतः स्वीकारला म्हणजेच तो लागू. हा दंडक कांहींसा कचेरीसारखा वाटतो, पण त्याला पर्याय दिसत नाहीं.

गोष्ट केवळ दोघांपुरतीहि नाहीं. ब्रिजमध्यें भिडूंना गुप्त भाषा ठेवण्याचा अधिकार नाहीं. प्रतिपक्षानें विचारलें कीं बोलीचा ठरलेला अर्थ पुरतेपणीं सांगावा लागतो. तो अर्थ मुद्दाम चर्चा करून ठरला असो वा वर्षानुवर्षें एकत्र खेळून अंगवळणी पडला असो. जकार्ता येथील २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत प्रणब बर्धन व शिबनाथ सरकार या साठीच्या आसपासच्या बंगाली जोडीनें भारताला सुवर्णपदक मिळवून दिलें. अशा मुरलेल्या जोडीवर हें बंधन अधिकच असतें, कारण न बोलतां कळणाऱ्या गोष्टी तिच्याजवळ अधिक. आतां सांगितलेला अर्थ एक आणि हातांतले पत्ते दुसरेंच कांहीं सांगत असले, तर बोली चुकली कीं स्पष्टीकरण चुकलें हें पंचांना ठरवावें लागतें. बोली चुकली असेल तर तो खेळाडूचा स्वतःचा प्रमाद, त्याला शासन नाहीं. स्पष्टीकरण चुकलें असेल तर प्रतिपक्षाची फसगत झाली, व तिची भरपाई त्याला मिळूं शकते. नियम असा आहे कीं उलट पुरावा नसेल तर स्पष्टीकरणच चुकलें असें पंचांनीं धरावें. आणि पुरावा म्हणजे काय? जोडीचें लिखित टिपण. "आमचें असेंच ठरलें आहे" हें शपथेवर सांगण्यापेक्षां तारीखवार इतिहास असलेलें पान दाखविणें केव्हांहि बरें. अर्थात् तेंच पान आदल्या रात्रीं एकट्यानेंच बदललेलें निघालें तर तेंहि तितक्याच स्पष्टपणें दिसतें.

२०२० सालीं साथीमुळें जगभर क्लब बंद पडले, आणि ज्यांनीं कधीं संगणकावर पत्ते पाहिले नव्हते असे वृद्ध खेळाडूहि ऑनलाइन खेळूं लागले. त्या खेळांत एक निराळीच गोष्ट आहे. टेबलावर आपल्या बोलीचा अर्थ भिडू सांगतो. पडद्यावर ज्याची बोली तोच तिचा अर्थ लिहितो, व तो भिडूला दिसत नाहीं. त्यामुळें भांडण डावाच्या वेळीं होत नाहीं. डाव संपल्यावर नोंद उघडली कीं मग होतें. अशा वेळीं तो डाव जसाच्या तसा वहींत उतरून त्याखालीं "येथें काय ठरवावें?" एवढेंच लिहिणें हें फोनवरच्या वादापेक्षां अधिक फलदायी. एक मोहहि येथें आवरावा लागतो : शेजारच्या खिडकींत वही उघडी ठेवून बोली करण्याचा. खेळ चालू असतां आपल्याच टिपणांचा स्मरणासाठीं आधार घेण्यास नियमांची सामान्यतः मनाई आहे, आणि पडद्याआड कोणी पाहत नाहीं म्हणून ती शिथिल होत नाहीं.

वहीची मांडणी कशी असावी, याविषयीं फार सांगण्यासारखें नाहीं. आरंभींच्या बोली, त्यांचीं उत्तरें, प्रतिपक्ष मध्यें आल्यावरचा बदल, बचावांतील पत्त्यांचे इशारे, एवढे भाग पुरे होतात. शोभेचे रंग व चिन्हें यांत ज्यांचा वेळ जातो त्यांच्या वह्या सुंदर असतात व अर्ध्यावर राहतात. एक पान मात्र प्रत्येक वहींत असावें, आणि तें बहुतेक वह्यांत नसतें : "अद्याप ठरलें नाहीं" या मथळ्याचें. एक बिनहुकमावर डबल आली तर दोन किलवराचें काय, हा प्रश्न उत्तर मिळेपर्यंत त्या पानावर राहूं द्यावा, आणि तोंपर्यंत दोघांनींहि ती बोली टाळावी. सामन्याच्या आदल्या दिवशीं वहीची छापील प्रत काढून दोघांनीं एकदां मोठ्यानें वाचावी; त्यानंतर सामना संपेपर्यंत तींत नवें अक्षर घालूं नये. मोठ्या स्पर्धांत मोबाइल दालनाबाहेर ठेवूनच आंत जावें लागतें, तेव्हां आयत्या वेळीं केलेली दुरुस्ती कितीहि चांगली असली तरी ती दाराबाहेरच राहते.