सकाळची ‘मिसिंग’

मे महिन्यात नाशिकच्या गोदाघाटावर, यशवंतराव महाराज पटांगणात बसून थंडीने आखडलेल्या इंजिनाची कहाणी ऐकायची, म्हणजे श्रोत्यांच्या सोशिकपणाची परीक्षाच! पण या विषयाला हाच मुहूर्त बरा. डिसेंबरात ज्याची गाडी सकाळी थरथरते, तो कामावर जायच्या घाईत असतो. दुपारपर्यंत गाडी आपसूक सुधारते आणि तक्रार दुसऱ्या दिवसावर ढकलली जाते.

नाशिकची थंडी विचित्र आहे. निफाडजवळ कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा ५ अंशांच्या खाली उतरल्याची बातमी हिवाळ्यात अधूनमधून येते, द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. आणि त्याच दिवशी दुपारी स्वेटर काढून ठेवावा लागतो. इंजिनातल्या दोषाला लपायला एवढा चढउतार पुरतो. सकाळी ७ वाजता पार्किंगमध्ये गाडी सुरू केली की स्टिअरिंग थरथरतं, आरपीएमचा काटा नाचतो, एखादा सिलिंडर मध्येच दांडी मारतो. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘मिसिंग करते’. तीच गाडी ११ वाजता सातपूरच्या गॅरेजात पोहोचते तेव्हा वाटेत पुरती तापलेली असते. मेकॅनिक बॉनेट उघडतो, कान देतो आणि म्हणतो, “काही नाही साहेब, एकदम स्मूथ आहे.” तो खोटं बोलत नसतो. त्याच्यासमोर जे इंजिन उभं असतं, ते निरोगीच असतं.

मग सुरू होतो अंदाजपंचे कारभार. आधी प्लग बदलतात, मग कॉइल, मग इंजेक्टर साफ होतात. बिल वाढतं आणि थरथर मार्चमध्ये ऊन वाढल्यावर थांबते.

थंड इंजिनाची अडचण मुळात साधी आहे. पेट्रोल जळतं ते वाफ होऊन. गार धातूवर त्याची नीट वाफ होत नाही, बरंचसं भिंतींना चिकटून राहतं. म्हणून सुरुवातीला ते जास्त सोडावं लागतं. पद्मिनी आणि अँबॅसडरच्या जमान्यात हे काम चोक ओढून माणूस करायचा. आता ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, करतो. तो आयडल १२०० आरपीएमच्या आसपास चढवतो आणि इंजिन तापेल तसं ते सात-आठशेवर आणतो. पेट्रोल किती वाढवायचं हे तो मुख्यतः कूलंटच्या तापमानाच्या सेन्सरला विचारून ठरवतो. पाव किलोही वजन नसलेला हा सेन्सर चुकीचं सांगू लागला, तर बाकी सगळं ठणठणीत असूनही गाडी सकाळी कण्हते.

बिघडलेला सेन्सर पकडायची युक्ती फुकट आहे. गाडी रात्रभर उभी ठेवायची, सकाळी इंजिन सुरू न करता फक्त चावी फिरवायची आणि स्कॅनरवर दोन आकडे बघायचे: कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. रात्रभर निवलेल्या गाडीत हे दोन्ही जवळपास सारखे हवेत. हवा १० दाखवतेय आणि कूलंट ४०, तर ईसीयूला इंजिन कोमट वाटतंय. तो पेट्रोल कमी सोडणार आणि गाडी मिसिंग करणार. उलट कूलंट उणे ३० दाखवत असेल, तर पेट्रोलचा पूर येतो आणि प्लग काजळीने काळे निघतात. वायर तुटली वा कनेक्टर सैल झाला, तरी असले आकडे दिसतात. म्हणून सेन्सर मागवण्याआधी कनेक्टर हलवून पाहिलेला बरा.

दोन्ही आकडे जुळले, तर पुढचा संशय हवेच्या गळतीवर. इनटेकचं रबर गारठून आखडलं की फट पडते, तापल्यावर फुगून ती बुजते. म्हणजे गुन्हेगार स्वतःच पुरावा पुसून टाकतो! धुराच्या मशीनने ही फट सापडते, मात्र इंजिन गार असतानाच. कार्ब क्लीनर फवारून गळती शोधण्याची जुनी सवय आगीशी खेळ आहे. एकच सिलिंडर मिसिंग करत असेल, तर त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावावी. दुसऱ्या सकाळी मिसिंग तिकडे सरकली, तर कॉइल गेली. नाहीतर तोच प्रयोग प्लगवर. यात एक दिवस जातो, पण सुटा भाग फुकट बदलावा लागत नाही.

नाशिकमध्ये सीएनजीच्या गाड्या रस्तोरस्ती दिसतात आणि त्यांच्या मालकांकडे निदानाची एक आयती सोय असते. सिक्वेन्शियल किट असलेली गाडी सहसा पेट्रोलवर सुरू होते आणि इंजिन जरा तापलं की गॅसवर जाते. बदलाच्या त्या क्षणीच थरथर थांबली, तर प्लग-कॉइलवरचा संशय पुष्कळ कमी होतो आणि पेट्रोलच्या बाजूवर वाढतो. टाकीत महिनोन्‌महिने तेच तळाचं पेट्रोल पडून असतं, इंजेक्टर दिवसाला दोन-चार मिनिटंच चालतात, ते चिकटणारच. अशांनी आठवड्यातून एखादी फेरी पेट्रोलवर मारावी आणि टाकीत ताजं पेट्रोल ठेवावं.

हल्ली सगळं खापर इथेनॉलवर फोडतात. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, हे खरं. ब्राझीलमध्ये निव्वळ इथेनॉलवर चालणाऱ्या गाड्यांत सकाळच्या स्टार्टसाठी पेट्रोलची वेगळी छोटी टाकी असायची. पण २० टक्के मिश्रणावर नाशिकच्या थंडीत धडधाकट गाडी अडत नाही. आधीच आजारी असलेल्या गाडीचा आजार तेवढा उघडा पडतो.

डिझेलचं दुखणं वेगळं. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात पहाटे निघालेली पिकअप पांढरा धूर सोडत खडखडते आणि मिनिटभराने शांत होते, तेव्हा आधी हीटर प्लग तपासावेत. चारांतला एक मेला की त्या सिलिंडरमधलं डिझेल न जळताच बाहेर पडतं. चांगल्या प्लगचा रोध बहुधा १ ओमच्या आसपास असतो. मेलेला मल्टिमीटरवर लगेच कळतो. त्यानंतर डिझेल फवारणारे नॉझल. ज्या शहरात मायको सर्कल आहे, त्याला नॉझल म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. मायकोचा नॉझलचा कारखाना आता बॉशच्या नावाने चालतो आणि निम्म्या सातपूरला नॉझलच्या त्या केसाएवढ्या भोकांची ओळख आहे.

पुन्हा पेट्रोलकडे. थरथर थांबावी म्हणून हवेची झडप असलेली थ्रॉटल बॉडीही साफ करतात, त्यानंतर मात्र एक काम हमखास विसरलं जातं. काजळी साठलेली असताना ईसीयूने झडप किती उघडायची हे त्या घाणीच्या हिशोबाने ठरवलेलं असतं. घाण गेली तरी हिशोब जुनाच. बऱ्याच गाड्यांत स्कॅनरवरून आयडल नव्याने शिकवावं लागतं. ते राहिलं की दुसऱ्या सकाळी आयडल दीड हजारावर अडकतं आणि मालक तावातावाने पुन्हा गॅरेजच्या दारात.