शाळेची चावी कोणाकडे?

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६. किल्लारीचा भूकंप. मी दोन वर्षांचा होतो. अम्मी मला घेऊन अंगणात धावली. दादी आतच राहिली. तिला चालता येत नव्हतं. घर टिकलं, म्हणून वाचली.

आता २००५चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे. जिल्ह्याचा आराखडा दरवर्षी अद्ययावत करावाच लागतो. पण आम्ही सॉफ्टवेअरवाले रिस्टोर करून पाहिल्याशिवाय बॅकअपवर भरवसा ठेवत नाही. रात्री रेणेला पूर आला, तर शाळेची चावी कोणाकडे? वीज गेली, मशिदीचा भोंगा बंद, मग सांगणार कोण? हे नगरपंचायतीत जाऊन विचारू. पण दादीसारखी माणसं किती, हे आपणच मोजायचं. माझ्या गल्लीत काल मोजली. सात निघाली.