प्रीती, विवाह आणि सदसद्विवेकबुद्धी
(ज्युबिली समारंभातील भाषण)



ज्युबिलीच्या दिवशी गोड बोलावे असा रिवाज आहे. आम्ही मात्र अवघड विषय घेतला आहे, त्याची आधीच माफी मागतो. दोन पुरुषांनी किंवा दोन स्त्रियांनी एकत्र संसार मांडायचे म्हटले, तर धर्माने काय म्हणावे? आमच्या ख्रिस्ती बांधवांत यावर मोठा ऊहापोह चालला आहे.

जाम नदीच्या काठच्या मंडळींना प्रीती आणि गावाची अब्रू यांचा झगडा नवा नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. मुळाशी एक पळून गेलेले जोडपे होते, असे जुनी माणसे सांगतात. खरेखोटे देव जाणे. डोकी मात्र आजही फुटतात.

आम्ही मुसलमान. दुसऱ्याच्या धर्माचा न्यायनिवाडा करणे आमचे काम नव्हे. आमच्याकडे निकाहाला मुलीची कबुली लागते, पण अशा जोडप्याच्या निकाहास आमच्या उलेमांचाही नकारच आहे. तेव्हा या प्रश्नात आम्ही काठावर उभे नाही, पाण्यातच आहोत.

आता नागपूरचीच गोष्ट घ्या. 1845 साली स्टीफन हिस्लॉप तेथे आले ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चतर्फे. त्या चर्चचा मोठा भाग पुढे 1929 साली चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये मिळाला. याच चर्चच्या महासभेने 2022 साली ठराव केला की, ज्या पाळकाची इच्छा असेल त्याने परवानगी घेऊन असे विवाह लावावेत. ज्याचे मन घेत नाही त्याच्यावर सक्ती नाही. एकाच चर्चमध्ये एक पाळक होय म्हणतो, दुसरा नाही म्हणतो, आणि दोघेही त्याच बायबलावर हात ठेवतात! पुष्कळांस हा गोंधळ वाटेल. आम्हांस त्यात प्रामाणिकपणा दिसतो.

रोमन कॅथलिकांनी ही वाट धरलेली नाही. त्यांच्या मते विवाह हा संस्कार आहे आणि तो स्त्री-पुरुषांचाच. परंतु 2013 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 पुन्हा कायम केले, तेव्हा मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशस यांनी स्पष्ट सांगितले, की असल्या विवाहास आमचा विरोध आहे, पण या माणसांना आम्ही गुन्हेगार मानीत नाही. विवाहास नकार देणे निराळे आणि माणसाला तुरुंगात घालणे निराळे, हा भेद त्यांनी ओळखला. न्यायालयाने तो 6 सप्टेंबर 2018 रोजी मान्य केला. मात्र 17 ऑक्टोबर 2023 रोजी त्याच न्यायालयाने अशा विवाहास मान्यता देण्याचे नाकारले आणि तो विषय संसदेचा ठरविला.

सदसद्विवेकबुद्धी म्हणजे काय, हे समजून घ्यायला मराठी माणसाला परदेशी जावे लागत नाही. नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना तो घाव सोसवेना; काही वर्षे नवरा-बायको ताटातूट सोशीत राहिली. पुढे त्या नवऱ्याकडे आल्या, पण आपला सोवळा स्वयंपाक निराळा ठेवून. टिळक तर पक्के प्रचारक, जगाला उपदेश करणारे. तरी बायकोच्या चुलीवर त्यांनी जबरदस्ती केली नाही. 1900 साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाने. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली नसतील त्यांनी जरूर वाचावी. या घरात हसू किती होते तेही कळेल.

पंडिता रमाबाईंची गोष्ट आणखी करारी. 1883 साली इंग्लंडात त्या ख्रिस्ती झाल्या, पण ज्या भगिनींनी आसरा दिला त्यांच्याशीही मतासाठी भांडल्या. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे नकोत, संस्कृत हवीत, हा त्यांचा हट्ट. एका पुरोहितवर्गाचे जू फेकून दुसऱ्याचे घेणार नाही, असे त्यांनी कळविले.

आमच्या शाळामास्तरी धंद्यात वर्गातला एखादा मुलगा गप्प गप्प होतो. इतर पोरे त्याला नावे ठेवतात. त्याच्या मनात काय आहे ते तो सांगत नाही, आणि आपण विचारीत नाही. घरी बाप काठी काढील, मशिदीत, देवळात, चर्चमध्ये तोंड दाखवायची सोय राहणार नाही, ही त्याची भीती. विवाह लावायचा की नाही हे काझींनी, पाळकांनी, संसदेने ठरवावे. त्याला वेळ लागेल. पण त्या मुलाला आजची भाकर आणि अंथरूण घरातच मिळावे, एवढे आपल्या विश्वस्त मंडळींनी आईबापांना भेटून सांगितले तर आम्ही त्यांच्याबरोबर यायला तयार आहोत.