लांबी, रुंदी आणि आपला व्यवहार
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आज मी आपल्यापुढे मांडणार आहे तो विषय शाळेच्या पुस्तकातला आहे : आयताची परिमिती आणि क्षेत्रफळ. "हे तर आम्हाला पाठ आहे," असे विद्यार्थी लगेच म्हणतील. लांबी आणि रुंदी यांच्या बेरजेची दुप्पट म्हणजे परिमिती. लांबी गुणिले रुंदी म्हणजे क्षेत्रफळ. सूत्र पाठ असते, हे खरे. पण कोणत्या कामाला कोणते सूत्र लावायचे, हे पुस्तक मिटल्यावर किती जणांना सांगता येते? परीक्षेत ही चूक दोन गुणांची असते. व्यवहारात ती घर बांधायला साठवलेल्या पैशावर येते.

म्हणून आधी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : मला कडेने फिरायचे आहे की आतली जागा भरायची आहे? कडेने फिरायचे असेल तर परिमिती, आत भरायचे असेल तर क्षेत्रफळ. 12 फूट लांब व 10 फूट रुंद खोलीत लादी बसवायची आहे. क्षेत्रफळ 120 चौरस फूट. दोन फुटी चौरस लादी 4 चौरस फूट जागा व्यापते, म्हणजे 30 लाद्या लागतील. तुटफुटीसाठी दोन-तीन जास्त आणाव्यात. त्याच खोलीत भिंतीच्या कडेने पट्टी लावायची असेल तर परिमिती 44 फूट; त्यातून 3 फुटांचा दरवाजा वजा केला की 41 फूट पट्टी पुरते. 2 मीटर लांब व दीड मीटर रुंद दस्तरखानाला कडेने लेस लावायची, तर 7 मीटर लेस हवी. खोली तीच, कापड तेच. काम बदलले की हिशेब बदलतो.

आता पालकांनी विशेष लक्ष द्यावे. समजा, दोन प्लॉट विकायला आहेत. एक 30 फूट बाय 30 फूट, दुसरा 50 फूट बाय 10 फूट. दलाल सांगतो, "दोन्हींना कुंपणाची तार सारखीच लागते, म्हणून भावही सारखाच." तारेबाबत तो खोटे बोलत नाही. दोन्हींची परिमिती 120 फूटच आहे. पण पहिल्याचे क्षेत्रफळ 900 चौरस फूट आणि दुसऱ्याचे अवघे 500! चौरस फुटाला 500 रुपये भाव धरला, तर 400 चौरस फुटांचा फरक 2 लाख रुपयांचा होतो. कुंपण सारखे म्हणून जमीन सारखी, हा समज फार महागात पडतो.

दुसरी गोष्ट. समोरासमोरच्या बाजू सारख्या भरल्या म्हणजे प्लॉट आयतच असतो, असे नाही. तिरक्या प्लॉटच्या बाजूही तशा भरतात, पण आतली जागा कमी असते. उपाय सोपा आहे. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजा. 40 बाय 30 चा प्लॉट काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण 50 फूट भरलेच पाहिजेत. एक जास्त, एक कमी भरला, तर तिथे पूर्ण 1200 चौरस फूट जागा नाही. पाया आखताना आपले गवंडी बांधव 3, 4 आणि 5 फुटांच्या मापांनी काटकोन जुळवतात, ते याच नियमाने.

तिसरी गोष्ट एककांची. एका वारात 3 फूट, पण एका चौरस वारात 9 चौरस फूट. गुंठा म्हणजे 33 बाय 33, म्हणजे 1089 चौरस फूट. असे 40 गुंठे म्हणजे एक एकर. सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. आर म्हणजे 10 मीटर बाय 10 मीटर, सुमारे 1076 चौरस फूट. लोक बोलताना गुंठा आणि आर एकच समजतात. एका गुंठ्यामागे 13 चौरस फुटांचा फरक क्षुल्लक वाटतो. 100 गुंठ्यांच्या शेतात तोच फरक एका गुंठ्याहून मोठा होतो. म्हणून इसार देण्यापूर्वी सौदा कोणत्या मापात चालला आहे, ते स्पष्ट विचारावे.

पालकहो, "मुलीला गणित शिकून काय करायचे?" असे अजूनही काही घरांत बोलले जाते. उद्या घरखर्च, शिवणकाम, घरबांधणी यांचा हिशेब तिच्याच हातून जाणार आहे. तिला हे येत असेल तर घर फसणार नाही. आणि ज्या वडिलांना शाळा पाहता आली नाही, त्यांनी संकोच करू नये. व्यवहाराच्या वेळी आपल्या मुला-मुलीला सोबत न्यावे, टेपचे एक टोक त्याच्या किंवा तिच्या हाती द्यावे.

विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर आपली खोली मोजा. लादी किती, पट्टी किती, हे वहीत लिहा आणि आई-वडिलांना समजावून सांगा. ज्या दिवशी ते तुमच्या आकड्यावर विसंबून दुकानातून माल आणतील आणि तो बरोबर पुरेल, त्या दिवशी हा धडा तुम्हाला आला असे मी समजेन.