भिक्षेचा हक्क आणि नागरिकाचा हक्क

(यवतमाळ येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींच्या जीवनासंबंधी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत विपुल लेखन झाले आहे. त्याकडे पुरोगामी कार्यकर्ता बहुधा दोन दृष्टींनी पाहतो, एक करुणेची आणि दुसरी संशयाची. करुणा म्हणते, बिचाऱ्यांचे काही भले व्हावे. संशय म्हणतो, हा महानगरांतील सुखवस्तूंचा विषय. कापसाला भाव मिळत नाही, शेतकरी गळफास घेतो, तेथे याला अग्रक्रम कसा द्यावा? दोन्ही दृष्टी हा प्रश्न अर्थकारणाबाहेरचा मानतात. संशोधन मात्र उलट सांगते. हा प्रश्न प्रथम उपजीविकेचा आणि हक्काचा आहे. नीतीची भाषा त्यावर मागाहून चढविली गेली.

या विवेचनाचा आरंभ मराठी मुलखापासूनच करता येतो. लॉरेन्स प्रेस्टन या इतिहासकाराने १९८७ साली एका निबंधात दख्खनमधील हिजड्यांच्या वतनांचा मागोवा घेतला. मराठी राज्यात त्यांच्यापैकी कित्येकांकडे सनदा होत्या. कोणाला लहानशी इनाम जमीन, कोणाला रोख नेमणूक, कोणाला ठराविक गावांतून भिक्षा मागण्याचा अधिकार. हा अधिकार गुरूकडून चेल्याकडे जाई. म्हणजे आज ज्याला भीक म्हणून हिणवले जाते, ती एके काळी दप्तरात नोंदलेली मिळकत होती. वऱ्हाड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. ही हकीकत मुंबई इलाख्यातील आहे. तेथे कंपनी सरकारचा अंमल बसल्यावर इनामांची चौकशी सुरू झाली. १८५२ च्या अकराव्या कायद्याने ज्या इनामाच्या अटी सार्वजनिक सभ्यतेला बाधक ठरतील ते चालू न ठेवण्याची वाट मोकळी केली. महसूल वाचविणे आणि सभ्यतेचे रक्षण करणे ही दोन कामे एकाच कलमाने साधली!

वतनदारीचे गोडवे गाण्याचे येथे कारण नाही. वतन ही सरंजामी बेडीच होती. महार वतनाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी दिलेला लढा सर्वांना ठाऊक आहे. परंतु दोन्ही घटनांतील फरक ध्यानात घेतला पाहिजे. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट झाली, तेव्हा ठराविक रक्कम भरून जमीन मूळ वतनदारालाच परत देण्याची तरतूद त्यात होती. हिजड्यांचे वतन गेले, त्याच्या जागी काहीच आले नाही. वतन गेले याचे दुःख नाही. त्याच्या जागी नागरिकाचा हक्क आला नाही, हे दुःख आहे.

पुढचा टप्पा १८७१ चा. या जिल्ह्यातील पारधी बेड्यांना आणि बंजारा तांड्यांना 'गुन्हेगार जमात' हा शब्द परका नाही. ज्या कायद्याने हा शिक्का निर्माण केला, त्याच कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांसाठी होता, ही गोष्ट मात्र फारशी कोणाला माहीत नसते. जेसिका हिंची यांच्या २०१९ च्या ग्रंथात वायव्य प्रांतातील त्याच्या अंमलबजावणीचा तपशील आला आहे. पोलिसांनी नावे नोंदवावयाची, मालमत्तेची यादी करावयाची. नोंदलेल्या व्यक्तीने स्त्रीवेशात सार्वजनिक ठिकाणी येणे किंवा मोबदला घेऊन नाचणे हा गुन्हा, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. दान देणे, मृत्युपत्र करणे, दत्तक घेणे यांचाही अधिकार नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर धंदा बंद आणि वारसाही बंद. उरला तो पुन्हा पसरलेला हात. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने तोही अपराध ठरविला. हक्क, मग असभ्यता, मग गुन्हा. शंभर-सव्वाशे वर्षांत एकाच उपजीविकेचा असा प्रवास झाला.

आजची स्थिती काय? २०११ च्या जनगणनेत 'इतर' या रकान्यात देशभरात ४,८७,८०३ व्यक्ती नोंदल्या गेल्या; महाराष्ट्रात ४०,८९१. नाव उघड करण्याचे भय लक्षात घेता हा आकडा अपुराच म्हटला पाहिजे. त्यांतील साक्षरता सुमारे ५६ टक्के होती, देशाची ७४ टक्के. ही दरी शाळेतूनच सुरू होते. वैभव सरिया यांनी ओडिशाच्या ग्रामीण भागातील हिजड्यांवर २०२१ साली लिहिलेल्या ग्रंथात दारिद्र्य, रेल्वेतील भिक्षा आणि घराशी टिकून राहिलेले नाते यांचे चित्र आहे. घर तुटले म्हणजे सगळे संपले, हा समज तेथे टिकत नाही; भावंडांच्या संसाराला त्यांच्या कमाईचा हातभार असतो. स्वाती शहा यांनी २०१४ च्या ग्रंथात मुंबईच्या मजूर नाक्यांवरील स्थलांतरित स्त्रियांचा अभ्यास करून देहविक्रय आणि रोजंदारी यांतील सीमारेषा किती पुसट आहे ते दाखविले. गाव सोडून नाक्यावर उभे राहणे म्हणजे काय, हे विदर्भातील कार्यकर्त्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

मराठीत या विषयाचा उच्चार नवा नाही. र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य'मधून समलिंगी संबंधांविषयीच्या शंकांनाही उत्तरे दिली. १९३४ च्या त्यांच्या खटल्यात डॉ. आंबेडकरांनी बचावाचे काम पाहिले. तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगभूमीवर आले. परंतु ज्यांचे जीवन त्यांनीच लिहावे, ही अवस्था उशिरा आली. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे 'मी हिजडा, मी लक्ष्मी' २०१२ साली वैशाली रोडे यांच्या शब्दांकनातून प्रसिद्ध झाले. दिशा पिंकी शेख यांची कविताही आज मराठीत वाचली जाते. २०१९ साली यवतमाळात भरलेल्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन याच जिल्ह्यातील शेतकरी महिला वैशाली येडे यांच्या हस्ते झाले, तेव्हा जो विषय तोच वक्ता होऊ शकतो हे या गावाने पाहिले आहे.

कायद्याने अर्धी वाट चालली. १५ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना मागास मानून शिक्षण व नोकरीत आरक्षण द्यावे असे सांगितले. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने समलिंगी संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. पण २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती संरक्षण कायद्यात आरक्षण नव्हते; लैंगिक अत्याचाराला त्यात कमाल शिक्षा होती अवघी दोन वर्षे. कर्नाटकाने २०२१ साली सरकारी नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण दिले. 'समांतर' हा शब्द महत्त्वाचा आहे. केवळ इतर मागासांच्या रांगेत उभे केले, तर दलित किंवा आदिवासी तृतीयपंथीयाला आपल्या दोन ओळखींपैकी एक सोडावी लागते. जात आणि लिंग ही दोन्ही ओझी एकाच खांद्यावर असताना न्याय एकाच ओझ्याचा कसा होईल?

म्हणून कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट आहे. समांतर आरक्षणाची मागणी पक्षाच्या कार्यक्रमात यावी. शिधापत्रिका, घरकुल, रोजगार हमीचे जॉबकार्ड या रोजच्या लढ्यांत तृतीयपंथीयांची नावे असावीत, आणि त्या लढ्यांच्या समितीत तेही असावेत. या विषयावरील बहुतेक ग्रंथ इंग्रजीत आहेत. ज्यांच्या पूर्वजांच्या सनदा मराठीत होत्या, त्यांना आपला इतिहास मराठीत वाचता आला पाहिजे. सनद राजाच्या मर्जीने मिळे आणि सरकारच्या मर्जीने जाई. नागरिकाचा हक्क कोणाच्या मर्जीवर नसतो. तो संघटनेच्या बळावर मिळवावा लागतो आणि त्याच बळावर राखावा लागतो.