दाढ काढल्यानंतरचे तीन दिवस

अमेरिकेंतील हार्टफोर्ड शहरीं ता. ११ डिसेंबर १८४४ रोजीं होरेस वेल्स नांवाच्या दंतवैद्यानें स्वतःचीच एक दाढ उपटवून घेतली. तत्पूर्वीं त्यानें नायट्रस ऑक्साइड हा वायु हुंगला होता. आणि शुद्धीवर येतांच, आपणांस वेदना अशी झालीच नाहीं, हें त्याच्या ध्यानांत आलें. दांत काढतांना होणाऱ्या यातनांवर मनुष्यानें मिळविलेल्या विजयाचा हा आरंभ होय. पुढें १९४० ते १९५० या दशकांत स्वीडनमध्यें लिडोकेन हें औषध निर्माण झालें, आणि एका टोचणीनें जबड्याचा हवा तेवढाच भाग बधिर करणें सुलभ झालें. आज दंतवैद्याच्या खुर्चींत रोग्यास दाब जाणवतो, हत्यारांचा आवाज ऐकूं येतो. दुखत मात्र फारसें नाहीं.

परंतु हा विजय खुर्चीपुरताच आहे. बधिरता दोन-चार तासांत ओसरते, आणि तोंवर रोगी घरीं पोहोंचलेला असतो. पुढील तीन दिवस दंतवैद्य त्याच्याजवळ नसतो; जवळ असते ती त्यानें लिहून दिलेली चिठ्ठी, गोळ्यांची पाकिटें आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचा सल्ला. या तीन दिवसांत औषध मित्र ठरावें कीं शत्रु, हें बहुतांशीं रोग्याच्या व त्याच्या घरच्यांच्या हातीं असतें.

पहिला प्रश्न वेळेचा. दाढ काढलेल्या ठिकाणीं जखमी पेशींतून प्रॉस्टाग्लॅंडिन नांवाचीं द्रव्यें निर्माण होतात; सूज आणि ठणका हीं त्यांचींच कार्यें. आयबुप्रोफेनसारखें औषध या द्रव्यांची निर्मितीच रोखतें. अर्थात् तीं सांठून ठणका शिगेस पोहोंचल्यावर गोळी घेणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणें होय. यास्तव पहिली गोळी बधिरता पुरती उतरण्यापूर्वींच, थोडें गार दूध पिऊन घ्यावी, आणि पुढें पहिले दोन दिवस दंतवैद्यानें सांगितलेल्या अंतरानें, घड्याळ पाहून घ्यावी. “अगदीं सोसवेनासें झालें कीं घेऊं” असा निग्रह करणारा मनुष्य शेवटीं एकदम दोन गोळ्या घेतो, असा अनुभव आहे.

दुसरा प्रश्न मात्रेचा, आणि खरा धोका येथेंच आहे. पॅरासिटामोल हें औषध सौम्य म्हणून प्रसिद्ध आहे. तें मुख्यतः मेंदूंत कार्य करतें. म्हणून आयबुप्रोफेनच्या जोडीला दिल्यास दोहोंचा मिळून गुण एकट्या औषधाहून अधिक येतो. परंतु बाजारांत तें अनेक नांवांनीं मिळतें. अशी कल्पना करावी कीं, एका गृहस्थास दंतवैद्यानें आयबुप्रोफेन ४०० व पॅरासिटामोल ३२५ मिलिग्रॅम अशी जोडगोळी दिवसांतून तीन वेळां दिली. रात्रीं अंग गरम लागलें म्हणून घरांतील ६५० मिलिग्रॅमची तापाची गोळी चार वेळां देण्यांत आली. त्यांतच पडसें होतें, म्हणून पडशाची गोळी तीन वेळां झाली. तिच्यांतही पॅरासिटामोल ५०० मिलिग्रॅम होतें. आतां बेरीज करावी: ९७५, २६०० आणि १५०० मिळून ५०७५ मिलिग्रॅम! निरोगी प्रौढ माणसास चोवीस तासांत ४००० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे; कृश, मद्यपी अथवा यकृताच्या रोग्यास तीहून कमी. या गृहस्थानें कोणतेंही औषध हट्टानें जास्त घेतलें नाहीं. त्यानें एकच औषध तीन नांवांनीं घेतलें, इतकेंच.

या विषबाधेचें कपट असें कीं, पहिल्या दिवशीं रोग्यास थोडी मळमळ होते, किंवा कांहींच होत नाहीं. यकृताची हानि मागाहून दिसूं लागते. तिच्यावर ॲसिटिलसिस्टीन हें उत्तम उतारऔषध आहे. परंतु आठ तासांच्या आंत दिल्यास त्याचा गुण सर्वांत चांगला. म्हणून मात्रा अधिक झाल्याची शंका येतांच, बरें वाटत असलें तरी, रुग्णालय गांठावें. आणि मुळांत ही वेळ येऊंच नये, यासाठीं पाकिटावरील मोठें नांव न वाचतां त्याखालीं बारीक अक्षरांत छापलेलें औषधाचें मूळ नांव वाचावें. घरांत एका कागदावर कोणती गोळी किती वाजतां घेतली हें टिपून ठेवल्यास रात्रीं जागणाऱ्या दोन माणसांकडून तीच गोळी दोनदां दिली जात नाहीं.

आयबुप्रोफेन व त्याच्या जातीचीं औषधेंही सर्वांस मानवत नाहींत. जठरांत व्रण असणारे, मूत्रपिंडाचे विकारी, हृदयरोगी, रक्त पातळ करणारीं औषधें घेणारे, अशा गोळ्यांनीं ज्यांचा दमा उसळतो ते, आणि गर्भवती स्त्रिया यांनीं आपली स्थिति दंतवैद्यास आधींच सांगितली पाहिजे. पावसाळ्यांत ताप येऊन डेंगीचा संशय असेल तर हीं औषधें टाळावींत, कारण त्यांनीं रक्तस्रावाचें भय वाढतें. उलट, हृदयासाठीं रोज घेतली जाणारी ॲस्पिरिनची गोळी रोग्यानें आपल्याच विचारानें बंद करूं नये.

क्वचित् ट्रॅमाडॉल किंवा कोडीन यांसारखें अफूच्या वर्गांतील औषध लिहून दिलें जातें. तें सूज कमी करीत नाहीं. वेदनेची जाणीव मात्र मंद करतें. त्यानें झोंप येते, मळमळतें, बद्धकोष्ठ होतो, आणि दिवस लांबल्यास संवय जडते. तें घेऊन वाहन चालवूं नये. मद्य अथवा झोंपेच्या गोळ्या त्याबरोबर घेतल्यास श्वास मंदावून प्राणावर बेततें. कोडीनचें कांहीं जणांच्या शरीरांत अतिशीघ्र मॉर्फीन बनतें. बालकांचे मृत्यु घडल्यामुळें अमेरिकेच्या औषधनियंत्रण खात्यानें २०१७ सालीं बारा वर्षांखालील मुलांस कोडीन, आणि वेदनेसाठीं ट्रॅमाडॉल, देणें निषिद्ध ठरविलें. उरलेल्या अशा गोळ्या पुढच्या दुखण्यासाठीं कपाटांत जपून ठेवणें म्हणजे घरांत विष जपणें होय.

घरगुती समजुतींपैकीं दोन विशेष अपायकारक आहेत. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून धरल्यानें दुखणें थांबत नाहीं. ती आम्लधर्मी असल्यामुळें हिरडी पोळून पांढरी पडते. तसेंच जंतुनाशक गोळ्या, म्हणजे ॲंटिबायोटिक, या वेदनाशामक नव्हेत. मागील दुखण्यांतल्या उरलेल्या चार गोळ्या घेतल्यानें ठणका जात नाहीं. जंतु मात्र त्या औषधास दाद देईनासे होतात.

शेवटीं तिसऱ्या दिवसाविषयीं. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत वाढते व मग उतरते. वेदना मात्र दिवसागणिक कमी होत गेली पाहिजे. ती तिसऱ्या दिवशीं उलट वाढली, कानापर्यंत ठणके जाऊं लागले आणि तोंडास दुर्गंधि आली, तर खळग्यांतील रक्ताची गुठळी निघून जाऊन हाड उघडें पडलें असण्याचा संभव आहे. विडी-सिगारेट ओढणारांस हा त्रास अधिक होतो. अशा वेळीं मात्रा वाढविण्यानें केवळ काळ जातो. दंतवैद्यानें खळगा धुऊन औषधाची पट्टी भरल्यास आराम पडतो. ताप, मानेकडे उतरणारी सूज, गिळतांना वा श्वास घेतांना अडचण यांपैकीं कांहीं दिसल्यास मात्र सकाळची वाट न पाहतां तत्काळ रुग्णालयांत जावें.

वेदना ही शरीराची फिर्याद आहे. पहिल्या दोन दिवसांची फिर्याद औषधानें शांत करणें योग्यच. त्यांत भित्रेपणा नाहीं. परंतु जी फिर्याद वाढत जाते तिचें तोंड गोळ्यांनीं बंद करूं नये. ती दंतवैद्याच्या कानीं घालावी.